बॅटरीचं निरांजन

आधी निरांजनाचं सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. गणपतीपुळ्याच्या आमच्या रिसॉर्टच्या दारात समुद्राचा वारा असा येतो की तेलाची वात टिकतच नाही. म्हणून मॅनेजरनी प्लास्टिकचं निरांजन आणलं, सेलवर चालणारं. खाली बटण, वर ज्योत आपली लुकलुकत राहते. ते तबकात ठेवायचं, गाडी आली की पायऱ्यांवर उभं राहायचं, पाहुण्यांना कुंकू लावायचं, ओवाळायचं आणि हसत मालवणीत 'येवा' म्हणायचं. आमच्या रत्नागिरीत असं कोण बोलतं? पण पाहुण्यांना तेच आवडतं म्हणे.

हे माझं काम. मी बी.कॉम. झालेय.

काम लावून देणारे सर रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागे बसतात. ते म्हणाले होते फ्रंट ऑफिस, काँप्युटर, बुकिंग, फोन, एसीत बसून. मी इतकी खूश झाले की ओरिजिनल मार्कशीट नि डिग्री मागितल्यावर तिथेच देऊन टाकली. त्यांनी ती परस्पर रिसॉर्टला दिली. पहिल्या दिवशी मॅनेजरनी माझ्या हातात पिशवी ठेवली. आत शिवलेली नऊवारी, वेलक्रोवाली, आणि चिमट्याची नथ. डेस्कवर आधीच एक मुलगी बसलेली होती. मी विचारलं तर म्हणाले, सुरुवातीला सगळ्याच दारात उभ्या राहतात. माझ्यासोबत कोकम सरबताचा ट्रे घेऊन उभी राहणारी मैत्रीण त्यावर हळूच म्हणाली, "माझी सुरुवात मागच्या गणपतीपासून चालू आहे."

सरांना फोन केला. म्हणाले जमवून घे, मी बोलतो. मग फोन उचलायचेच बंद झाले. मॅनेजरकडे कागद मागितले तर म्हणाले वर्ष पूर्ण कर आणि घेऊन जा, भर सीझनला पळालीस तर मी दारात कुणाला उभं करू?

आता खरी गोष्ट. आम्ही बौद्ध. माझ्या पणजोबांनी देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून नदीत सोडले, आणि बाबा हे दर वर्षी विहारात सगळ्या वाडीला सांगतात. बाबा प्राथमिक शिक्षक होते, आता रिटायर. त्यांच्या कपाळाला कधी कुंकू लागलेलं मी बघितलेलं नाही. शाळेत सत्कार असला तरी ते हात जोडून, हसून, डोकं मागे घ्यायचे. कुणाला राग येणार नाही असं.

मी मॅनेजरना एकदा सांगून बघितलं होतं, आमच्याकडे हे करत नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "घरी नको करू. इथे कर. पगार घर देतं का तुला?" दुसऱ्या दिवशी माझा बॅज बदलला. बाकी सगळ्यांच्या बॅजवर आडनाव आहे, माझ्या बॅजवर नुसतं नाव. कुणी कारण सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पाहुणे गोड बोलून विचारतात ना, इथलीच का गं तू, कुणाची? मग मी नथ सावरल्यासारखं करते.

मी स्वतःला समजावलं होतं की बॅटरीचं निरांजन म्हणजे काही खरं ओवाळणं नव्हे. बटण दाबते, बटण बंद करते. रील काढणारे तर "परत एकदा ओवाळ ना, शूट नाही झालं" म्हणतात, मग मी परत ओवाळते. यात कसला धर्म आलाय? असं मी म्हणायचे. आणि घरी सांगायचे की डेस्कवर असते. बाबांनी ते वाडीभर केलं होतं.

मे महिन्यात, एकदम गर्दीच्या दिवसांत, पुण्याहून एक टेम्पो ट्रॅव्हलर आली. मॅनेजर माझ्या मागेच उभे. मी एकेकाला लावतेय, ओवाळतेय, लावतेय, ओवाळतेय, चेहरे बघतच नाही मी आता, नुसती कपाळं बघते. आणि एक कपाळ समोर आलं ते मला माहीत होतं.

बाबा. पेन्शनच्या कामाला रत्नागिरीत आलेले, तिथून पुढची एसटी धरून मला बघायला आले. पायऱ्यांवर रांग दिसली तर रांगेत उभे राहिले. ते कुठेही रांगेतच उभे राहतात. हातात पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट, तो माझ्यासाठी घातलेला.

माझा हात तबकावरच राहिला. बाबांनी नऊवारी बघितली, नथ बघितली, बॅज बघितला. बॅजवर जरा जास्त वेळ बघितलं.

मागून मॅनेजर म्हणाले, "अगं, काकांना लाव की. मागे लोक खोळंबलेत."

हे माझे बाबा आहेत, एवढंच म्हणायचं होतं. मला नाही आलं म्हणता. मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांनी चष्मा काढला, खिशात ठेवला आणि मान खाली केली.

मी कुंकू लावलं. ओवाळलं. ज्योत लुकलुकत होती.

बाबांनी चष्मा घातला, मैत्रिणीच्या ट्रेमधून सरबत घेतलं, उभ्याउभ्या प्यायले, ग्लास जागेवर ठेवला, तिला थँक्यू म्हणाले. मग कुणाचं लक्ष नाही बघून पायऱ्या उतरले. गेटजवळ त्यांचा हात कपाळाकडे गेला आणि तसाच खाली आला. सुरूच्या झाडांपर्यंत मला ते पाठमोरे दिसत होते. पुसलं की नाही, कुठे पुसलं, मला माहीत नाही. ते मी अजून विचारलेलं नाही.

दुपारी वॉचमननी डबा आणून दिला, बाबा गेटवर ठेवून गेलेले. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. मैत्रीण म्हणाली, कोण गं ते काका, किती छान बोलले. मी म्हटलं, आमच्या गावचे.

बुद्ध पौर्णिमेला कशीबशी सुट्टी मिळाली, घरी गेले. विहाराच्या दारात शेजारच्या काकींनी मला धरलं. "काय गो बाय, काम्पुटर काय म्हणतोय तुझा?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "बरं चाललंय तिचं. बुकिंग सगळं तीच बघते."

मी लहानपणापासून त्यांना खोटं बोलताना ऐकलेलं नाही. शाळेतल्या पोरांना ते फक्त एकाच गोष्टीसाठी ओरडायचे, ती हीच.

मग वंदना. पंचशील बाबाच म्हणतात, मागून आम्ही सगळे. पहिलं झालं, दुसरं, तिसरं. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे बाबा थांबले. लोकांना वाटलं खोकला आला. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. मी बायकांच्या रांगेत बसून चटईच्या काड्या उसकटत होते. बाबा पाणी प्यायले आणि त्यांनी चौथं शील म्हटलं, पण इतक्या हळू की मागच्यांनी आपल्याआपणच म्हटलं.

बाहेर पडल्यावर मी काकींना गाठलं. म्हटलं, "काकी, मी डेस्कवर नसते. दारात ओवाळायला असते. नऊवारी नेसून."

काकी जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "नथ पण घालतात? फोटो दाखव की."

फोटो होता. दाखवला. आजूबाजूच्या दोघीतिघी पण बघायला आल्या, एक हसली, एक हसली नाही. बाबा पुढे निघून गेले होते, चपला पायात घालायच्या राहून हातातच धरलेल्या.

सकाळी एसटीपर्यंत ते सोडायला आले. गाडी दिसल्यावर म्हणाले, "कागद मागून घे. मी येऊ सोबत?"

मी नको म्हटलं. कागद अजून मॅनेजरच्या कपाटात आहेत आणि मी अजून दारात आहे. दर फोनवर बाबा विचारतात, येऊ का? मी म्हणते नको, मी मागते. ते आले तर पायऱ्यांवरूनच येणार, आत जायला दुसरं दार नाही हो तिथे.