मंगरूच्या पोटातले चार खडे

दवाखान्यात पेशंट बरा होऊन गावाला जातो, पण त्याचा किस्सा इथीच राहतो. त्याले डिस्चार्ज नाई! पंच्याऐंशीच्या आगेमागे मी चंद्रपूरच्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय होतो. महिन्यातून एकदा नागपूरचे डॉक्टर दुर्बीण घेऊन यायचे.

धानोऱ्याकडचा मंगरू दोन वर्षांपासून जेवायला भीत होता. घास पोटात गेला की पाठीत कुऱ्हाड! स्वादुपिंडात खडे झालेले. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर नाही. पण खडे निघाले नाहीत तर हा खंगून जाईल."

* * *

हा आजार बहुतेक दारूनं होतो, म्हणून जो तो मंगरूला एकच विचारायचा, "दारू पितोस ना?" तो नाई म्हणायचा, कोणाला पटत नसे. शेवटी त्याची बायको सोमीबाई उठली.

"साहेब, हा पेला असता तं माह्या हातची मोहाची दारू बाजारापर्यंत पोचली असती काय!"

डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं खोडलं.

* * *

दुर्बिणीची काळी लांब नळी पाहून मंगरू म्हणाला, "याचं तोंड कोणतं, शेपूट कोणतं?"

"जिकडून उजेड येतो ते तोंड," डॉक्टर म्हणाले.

"मंग घाला. सापाले उजेड नसते."

* * *

नळीतून आतलं एकट्या डॉक्टरांनाच दिसायचं. सिस्टर हत्यारं हातात देत होती, मी मंगरूचे पाय धरून उभा. मधेच ते खूश होऊन म्हणाले, "भाऊ, या, पाहा! खडा तारेच्या जाळीत आला!"

मी वाकून डोळा लावला.

"दिसला?"

"अंधार आहे, साहेब."

"अहो भाऊ, दुसरा डोळा मिटा, हा नाही!"

* * *

दोन दिवसांनी सोमीबाईनं पातळ भात भरवला. डॉक्टरही थांबले होते. मंगरू सवयीनं पोट धरून वाकून बसला. आम्ही त्याच्या तोंडाकडे पाहून राह्यलो. घटकाभर गेली. मग तो हळूच सरळ झाला.

"अजून वाढ," म्हणाला.

सोमीबाईनं पदर डोळ्याला लावला.

* * *

निघताना डॉक्टरांनी बाटलीतले चार खडे त्याला दाखवले. नागपूरला पोरांना शिकवायला नेणार होते.

मंगरू म्हणाला, "असे कसे नेता, साहेब? आमच्यात पारध झाली का पयले वाटे पडतात."

त्यानं बाटली पलंगावर उपडी केली. एक खडा डॉक्टरांना, मारणाऱ्याचा. एक सिस्टरला, हत्यार देणाऱ्याचा. एक मला, पाय धरले म्हणून. चौथा सोमीबाईला, हाका घालणाऱ्याचा; तिनंच त्याला इथवर हाकत आणलं होतं.

"अन् तुले रे?" मी विचारलं.

"मले काऊन, भाऊ? मी तं जंगल होतो!"