एकट्याचं सुतक

ती घटना आठवली की आजही तोंड कडू होतं. साठच्या दशकात मी शिरूर ठाण्यात फौजदार होतो. न्हावऱ्याजवळच्या एका गावात, ऐन जत्रेच्या तोंडावर, खंडोबाचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला. देवळाचं कुलूप फोडलेलं होतं.

खबर घेऊन गावचे पोलीस पाटील स्वतः ठाण्यात आले, आणि येताना चोराचं नावही घेऊनच आले. गावात गुऱ्हाळावर गूळ काढणारा एक तरुण होता, गुळव्या म्हणू त्याला. त्याच्या बापाला घरफोडीत शिक्षा झालेली. "रक्त हाय ते, साहेब. जाईल कुठं?" पाटील म्हणाले. आमच्या जमादाराने मान डोलावली. आसपास चोरी झाली की आधी त्यालाच उचलायचं, ही ठाण्याची जुनी रीत.

गुळव्याला आणलं. झडतीत काही निघालं नाही. उलटसुलट विचारलं तरी जबाब तोच. "साहेब, बाप मेला तवा मी पाळण्यात हुतो. त्याचं तोंडबी ठावं न्हाई मला. चोरी शिकणार कुणाकडनं?" मग हात जोडून म्हणाला, "खुटबावची सोयरीक ठरलीया. ह्यात अडकलो तर पोरगी जाईल माझी."

इकडे गावाने ठरवलं, सगळ्या बाप्यांनी देवळात बेल-भंडारा उचलून शपथ घ्यायची. कायद्याला त्याची किंमत शून्य. पण माणसं बघायला मिळतात, म्हणून मी जाऊन उभा राहिलो. गुळव्यालाही सोबत नेलं. त्याने सगळ्यांच्या आधी भंडारा उचलला. मागून कुणीतरी बोललंच, "चोराच्या पोराला कसला आलाय देव!"

पाटलांचा थोरला मुलगा मात्र पायरीखालीच. का रे, म्हटलं. "भावकीत मयत झालीया, साहेब. सुतक हाय. देवळात कसा येऊ?"

सुतकात दाढी करत नाहीत, आणि याचे गाल गुळगुळीत. शिवाय भावकीचं सुतक अख्ख्या घराला लागतं. मग याचा बाप गाभाऱ्यात भंडाऱ्याचं ताट धरून उभा कसा? वा रे पठ्ठ्या, म्हटलं, सुतक तुला एकट्यालाच का?

ठाण्यात आणल्यावर त्याला बोटही लावावं लागलं नाही. त्याच्या वस्तीवरच्या कडब्याच्या गंजीतून पंचांसमक्ष मुखवटा निघाला. दौंडात पत्त्यांचा नाद लागला होता. मी विचारलं, "देव चोरताना भ्याला नाहीस, आणि शपथेला भ्यालास?"

"खोटी शपथ कशी घ्यावी, साहेब? घरादाराचं वाटोळं हुतंय!"

पाटील रडकुंडीला आले. "संगतीनं बिघडलं हो पोरगं. मनानं वाईट न्हाई." गुळव्याचं ते रक्त आणि याची ती संगत! मला असा संताप आला की उठून बाहेर गेलो. पहिलाच गुन्हा म्हणून कोर्टाने त्याला चांगल्या वर्तणुकीच्या जामिनावर सोडलं.

गुळव्याची सोयरीक मोडली ती मोडलीच. मी स्वतः खुटबावला गेलो. मुलीच्या बापाला म्हटलं, "आप्पा, तो निर्दोष आहे. मी सांगतो."

"न्हाई कोण म्हंतंय? पण उद्या नातू आज्यावर गेला तर?"

हल्ली पेपरात येतं, तापटपणा, बेफिकिरी वगैरे रक्तातून उतरते. उतरत असेल, मी काही डॉक्टर नाही. पण नोकरीभर पाहिलं ते एवढंच, की रक्त तपासतात ते गरिबाचं. बड्याचं फक्त घराणं बघतात.

पुढच्या लग्नसराईत खुटबावचं आवतण आलं. मुलगी तीच. नवरदेव पाटलांचा थोरला. मांडवात आप्पा माझा हात धरून म्हणाले, "शेवटी घराणं बघावं लागतंय, साहेब." मी न जेवताच निघालो.

ठाण्यात परतलो तर बाकावर गुळव्या. शिक्रापुरात कुणाची तरी सायकल गेली होती आणि जमादाराने रीत पाळली होती. मी म्हटलं, "घरी जा, बाबा."

तो जागचा हलला नाही. म्हणाला, "बसतो की इथंच, साहेब. उद्या परत आणणारच हायसा."