तारामावशींचा ओटा

तारामावशींच्या सुनीलचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं. "काका, आई गेली हो... झोपेतच." शेजारच्या गिरणीचा आवाज त्या दिवशी आला नाही. लोणावळ्याच्या भर बाजारपेठेत हॉर्न कोकलत असताना मला सगळं शांत-शांत वाटलं. त्याला आता महिना होऊन गेला. वह्या-पेनं विकणाऱ्या माणसानं फार लिहू नये म्हणतात, पण तारामावशींबद्दल लिहिल्यावाचून मला चैन पडेना.

आमची दुकानं भिंतीला भिंत लागून. जुन्या इमारतीत मावशींच्या पिठाच्या गिरणीपुढं चांगला ऐसपैस दगडी ओटा होता. आंदर मावळातल्या वाड्यावस्त्यांवरून बाजाराला आलेली माणसं आधी त्या ओट्यावर ओझं उतरवायची. कुणाचे तांदूळ, कुणाची कोंबड्यांची पाटी. विचारायचं नाही, सांगायचं नाही; ठेवायचं आणि बाजार करायला जायचं, जाताना आपापलं उचलायचं. राखण कुणीच करत नसे. मावशी तर त्यातल्या एकाही बोचक्याला हात लावत नसत, सरकवायलासुद्धा नाही. पाऊस आला की मात्र स्वतःच्या धान्यावरची ताडपत्री काढून त्यावर टाकत. एकदा कुणीतरी शेळीच बांधून गेलं आणि तिनं माझे ड्रॉइंगचे कागद फस्त केले. मी आरडाओरडा केला, तर मावशी म्हणाल्या, "तिला कुटं वाचता येतंय, भाऊ? खाल्लं आसंल चुकून."

मग रस्ता रुंद झाला, आजूबाजूला कॅफे आले, चिक्कीच्या दुकानांना एसी लागले आणि आमचीही इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. बिल्डरनं नकाशा टेबलावर पसरला. फुटपाथपर्यंत एका रेषेत काचाच काचा. आम्ही सगळे खूश. मावशींनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ह्यात वटा कुटं हाय?"

"मावशी, आता ओटे कोण बांधतं? रस्त्याकडची जागा आहे, सोनं आहे सोनं," बिल्डर म्हणाला.

"मंग त्या सोन्यावर बोचकी ठिऊ द्या की!"

सगळे हसले, पण मावशी सही न करताच उठल्या. त्यांच्या एका सहीपायी सगळ्यांचं अडलं. लोक वैतागले. मीही वैतागलो होतो, खोटं कशाला बोलू? शेजारी म्हणून समजूत घालायला मलाच पाठवलं. मावशी गिरणीत गहू ओतत होत्या. माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि मग गिरणी बंद केली... मी चकित झालो, कारण गिऱ्हाईक उभं असताना त्या गिरणी कधी बंद करत नसत.

"मी ल्हान व्हते तवा आयसंगं हितं आलते, चालत. तांदूळ इकायचं व्हतं. कुनाच्याबी दारात ठिवलं की उचल म्हनायचं. समदा बाजार आयनं वझं डोक्यावर घिऊन केला. मला बांगड्या भरतानाबी तिच्या डोक्यावर वझंच व्हतं." मग हाताचं पीठ झटकून म्हणाल्या, "बिल्डरला सांगा, माज्या गाळ्यातलाच म्होरला भाग सोड. गिरनी मागं सरकव. वटा माज्या वाटनीतला."

म्हणजे जवळजवळ अर्धा गाळा. सुनीलनं तर डोक्यालाच हात लावला. "अगं, आयुष्यभर अडचणीत काम करणार का तू?" मावशी म्हणाल्या, "मला लागती किती जागा? चक्की, मी आन् गिराईक." आणि सही केली. माणूस एवढ्या सहज एवढं सोडून देतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं.

नवी इमारत झाली. आमच्या सगळ्यांच्या काचा फुटपाथला टेकलेल्या आणि मधेच मावशींची गिरणी मागं, पुढं ओटा. आता गावागावात मोटारसायकली आहेत, ओट्यावर कोण येणार, असं मला वाटायचं. पण पर्यटकांच्या सॅका आल्या, पार्सलवाल्या पोरांच्या पिशव्या आल्या, बाजारच्या दिवशी मावळातल्या बायका तर येतच होत्या. एवढ्या वर्षांत एक पिशवी हरवल्याचं माझ्या कानावर नाही. काउंटरमागून मी रोज ते बघायचो आणि रोज थक्क व्हायचो.

मावशींचे दिवसपाणी उरकल्यावर सुनील माझ्याकडे आला. पुढं काच लावून ओट्याची जागा कॉफीवाल्याला द्यायची म्हणत होता. "काका, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणालो, "जागा तुझी आहे बाबा." दुसरं काय म्हणणार? पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

गेल्या आठवड्यात काचवाला माप घ्यायला आला. अनोळखी माणूस, तळेगावकडचा. गाडी लावली, हेल्मेट काढलं, हत्यारांची पिशवी खांद्यावरून उतरवली आणि ओट्यावर ठेवली. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. तसाच रस्ता ओलांडून समोर चहा प्यायला गेला, एकदाही मागं वळून न बघता.

सुनील ओट्याजवळ उभा होता. मी माझ्या दारात. दोघंही त्या पिशवीकडे बघत राहिलो... काचवाला तोंड पुसत परत आला, पिशवीतून टेप काढला. "कुठनं धरू, शेठ?"

सुनील ओट्यावरून मागं गिरणीच्या दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यावर पाय ठेवून म्हणाला, "हितनं आत. वटा सोडून."