भाजलेल्या सरकीचा वास

सेलूहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरने वर्ध्याला निरोप आणला, "तुमच्या आत्याबाई गेल्या. आंघोळ थांबवून ठेवली हाय, लौकर चाला." आंघोळ थांबली होती, कारण शेवटच्या भेटीत तिने माझा हात धरून सांगितलं होतं, "मले तूच आंघोळ घालजो. अन् झाकू नको. पाहू दे बायायले." या वाक्यापर्यंत पोचायला तिला किती वर्षं लागली, ते मी जवळून पाहिलं आहे...

कमलआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आणीबाणी उठली त्या सुमारास कॅन्सरसाठी तिचा डावा स्तन काढला. हा शब्द मी इथे लिहिते आहे, घरात तो कोणी उच्चारला नाही. "कमलचं ऑपरेशन" एवढंच म्हणत. तपासणीला मी सोबत जायची. डॉक्टर विचारायचे, "गाठ पुन्हा लागते का हाताला?" ती म्हणायची, "नाई." "मग झालं तर. छान!" की पुढची बाई आत. तिचा डावा हात सुजलेला असतो, अंबाडा बांधायला वर जात नाही, फुवाजींनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, ओसरीवर नेलेली खाट परत आत आणलीच नाही, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती दारातूनच परतते, हे कोणीच विचारलं नाही. जीव वाचला ना, मग आणखी काय पाहिजे? जगण्याची एवढी स्वस्त व्याख्या फक्त बायकांसाठीच का केली जाते?

ब्लाउजची ती बाजू भरायला तिने कापडी पिशवी शिवली. आधी त्यात कापूस भरला. कापूस हलका, चालताना वर सरकायचा. मग कापसाचं बी, आपली सरकी भरली. वजन बरोबर आलं. पण त्या पावसाळ्यात घामाने, ओलीने सरकीला मोड आले! आतल्या खोलीतून ती ओरडली, "ये वं पोरी, पाह्य! माह्या छातीवर पीक आलं!" आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसता हसता ती कधी रडायला लागली ते कळलंच नाही... पुढे ती सरकी तव्यावर भाजून भरू लागली. भाजलेलं बी उगवत नाही.

मी तेव्हा गावोगाव पत्रकं वाटायची. शरीराची लाज ही गुलामी आहे, असं त्यांत छापलेलं असायचं. मी तिला म्हटलं, "फेक ती पिशवी. लपवायचं कशाला?"

"तुह्या पत्रकाले छाती असती तं समजलं असतं," ती म्हणाली. "पिशवी नसली का चालताना एका अंगाले कलल्यासारखं होते. लाज हाय थोडी, नाई काऊन म्हणू? पण तोलही हाय ना वं."

मग आजार हाडांत उतरला, आणि शेवटच्या भेटीत तिने ते आंघोळीचं सांगितलं.

ती गेली त्या दिवशी मी तिला झाकलं नाही. आंघोळीला जमलेल्या बायकांनी आधी माना खाली घातल्या, मग एकेकीने पाहिलं. शेजारच्या शांताकाकू हुंदका देत म्हणाल्या, "एवढं सोसलं, अन् आमाले बोलली नाई?" माझा तोल सुटला. "तुम्ही विचारलं कधी?" पाणी तेवढं वाहत होतं.

तेरवीनंतर मी आत्याची खोली आवरत होते. शांताकाकू आल्या, दार लोटलं आणि माझा हात घेऊन स्वतःच्या छातीवर ठेवला. बोटांखाली गाठ होती.

"लय दिसाची हाय," त्या म्हणाल्या. "भेव वाटे, काढली तं मंग काय रायते माह्यं? त्या दिवशी कमलबाईले पाह्यलं... बाईच होती ना ते. पुरी बाई."

त्यांचं ऑपरेशन झालं. परवा त्यांनी निरोप धाडला, "कमलबाईसारखी पिशवी शिवून देजो." आत्याची पिशवी माझ्याजवळ आहे, पण ती माझ्याने देववली नाही. नवी शिवली आणि आत्याच्या घरी गेले. तिच्याच चुलीवर, तिच्याच तव्यावर सरकी भाजायला घेतली. तो तेलकट, खरपूस वास खोलीभर पसरला आणि उलथणं हातात धरून मी आतल्या दाराकडे पाहत राहिले... आता हाक येईल, "ये वं पोरी."

सरकी थोडी करपली. तीच भरली.