माझ्या भावाचा वकील

आमच्या डोंगराच्या पायथ्याशी मोशी शहर आहे; तिथल्या बाजारामागे बियाण्यांच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे अनाएली म्लाय वकील एकतीस वर्षं बसले. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला लागून एक बाक. बाकावर जागा उरली नाही की लोक जिन्यात बसायचे आणि खालचा दुकानदार दिवसभर ओरडायचा, "अहो, बियाणं घ्यायला गिऱ्हाईक कुठून चढणार!" मोठ्या कंपन्यांची कामं त्यांनी घेतली नाहीत असं लोक कौतुकाने सांगतात. त्यांना विचारलं तर ते म्हणत, "मला कुणी दिलीच नाहीत."

शनिवारी ते वर आमच्या गावात येत. चर्चच्या आवारात अवोकाडोच्या झाडाखाली बसून लोकांना आलेली सरकारी पत्रं वाचून दाखवत. पत्र कितीही लांब असलं तरी त्यांचा अर्थ दोन वाक्यांत संपायचा. "हे तुला घाबरवायला लिहिलंय. घाबरू नकोस, उत्तर दे." पाटाच्या पाण्यावरून आमच्या गावात दोन वर्षं डोकी फुटत होती. तेव्हा कोणाची पाळी कोणत्या दिवशी, हे त्यांनी सगळ्यांना एकत्र बसवून एका कागदावर लिहून काढलं. तो कागद अजून पिठाच्या गिरणीत लावलेला आहे आणि अजून पाळला जातो.

हे सगळं मला ठाऊक होतं आणि चारचौघींसारखी मीही त्यांना भला माणूस म्हणत होते. मग एके दिवशी माझ्या नावाने कोर्टाचा कागद आला. माझ्या भावाने माझ्यावर दावा लावला होता आणि खाली सही होती अनाएली म्लाय यांची. त्या दिवसापासून तो माणूस माझ्या मनातून साफ उतरला.

भाऊ म्हणजे न्देरिंगो, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आमच्यात बापाचं घर आणि भोवतीची केळीची बाग धाकट्या मुलाची. मुलीला तिचं सासर. माझं सासर चार वर्षांत संपलं आणि मी परत आले. त्यानंतर बावीस वर्षं मी गाईला गवत कापून आणलं, कॉफीची छाटणी केली आणि बापाला शेवटपर्यंत न्हाऊमाखू घातलं. न्देरिंगो दार-एस-सलामला बंदरात कारकून. ख्रिसमसला यायचा, बकरं खायचा, म्बेगे म्हणजे केळ्याची दारू प्यायचा आणि जायचा. बाप गेल्यावर मात्र बाग एका हॉटेलवाल्याला द्यायचं त्याच्या मनात आलं. डोंगर चढायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिथे खोल्या होणार होत्या.

"ताई, तुला मोशीत खोली घेऊन देतो. घरात नळ असेल, लाइट असेल," तो म्हणाला.

"तो नळ तुझ्याच डोक्यावर सोड," मी म्हणाले. आमचं बोलणं तिथे संपलं ते कोर्टाच्या कागदापर्यंत.

पहिल्या तारखेच्या आधी म्लायवकील न्देरिंगोला घेऊन बाग बघायला आले. गाडी खाली ठेवून पायी चढून आले होते, सदरा घामाने भिजला होता. मी त्यांना बसा म्हटलं नाही. आमच्या डोंगरावर दारी आलेल्या माणसाला बसा न म्हणणं म्हणजे काय, हे त्यांना बरोबर कळलं. ते उभेच राहिले.

"मला आधी घरातली माणसं भेटव," ते न्देरिंगोला म्हणाले. आमची गेलेली माणसं बागेतच असतात, केळींच्या मधे. बापाच्या कबरीवर सिमेंट आणि क्रूस आहे, ती कुणालाही सापडेल. पण आई गेली तेव्हा न्देरिंगो तीन वर्षांचा होता. तिच्यावर आम्ही नुसतं इसालेचं झुडूप लावलं होतं, आणि हद्दीवरही आमच्याकडे तेच झुडूप लावतात.

न्देरिंगो ऐटीत पुढे गेला. बांधाजवळच्या एका इसालेसमोर थांबला, टोपी काढली, मान खाली घातली आणि ओठ हलवत प्रार्थना म्हणू लागला. मी चुलीपाशी उभी राहून बघत होते. हसू आलं आणि वाईटही वाटलं.

"अरे, ती शेजारच्या लिमोची हद्द आहे," मी ओरडले. "हद्दीच्या झुडपापुढे कसली प्रार्थना करतोस? आई गोठ्यामागे आहे."

टोपी त्याच्या हातातच राहिली. वकिलांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग ते मला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हणाले, "दावा मी लढवीन. पण कोर्ट इथे पाहणीला येईल आणि म्हातारे पंच तुला पहिली गोष्ट हीच विचारतील. हद्द कुठली, आई कुठे, पाण्याची पाळी कधी. आठ दिवस इथे राहा आणि शीक."

"कुणाकडून?"

"आता ओरडली ना, तिच्याकडून."

"मी का शिकवू?" मी म्हणाले. "माझं घर घ्यायला आलाय तो!"

"तुम्ही शिकवलंच पाहिजे असं नाही," ते शांतपणे म्हणाले. "तो नुसता राहील. घर त्याच्याही बापाचं आहे." आणि डोंगर उतरून निघून गेले.

म्हणजे बघा, दावा लावणाऱ्याला मी माझ्या चुलीवरचं शिजवून वाढत होते. पहिले दोन दिवस मी ताट त्याच्यापुढे आपटून चुलीकडे वळायची. शेजारचा म्हातारा लिमो, ज्याला आम्ही मेकू म्हणजे आजोबा म्हणतो, बांधावरून विचारायचा, "काय गं आइकांदे, पाहुणा किती दिवस?" मी म्हणायची, "मेकू, पाहुणा नाही, पाहणी आहे!" तिसऱ्या दिवशी आमची पाण्याची पाळी होती. पहाटे मी फावडं घेऊन निघाले तर न्देरिंगो बूट घालून मागे आला. पाट फोडताना घसरून कमरेइतक्या चिखलात बसला. मी हसले ते मला आवरेना. तोही हसला, लहानपणी हसायचा तसा, नाकातून.

परत येताना गोठ्यामागे तो थांबला. "ताई, आई गेली तेव्हा मी कुठे होतो?"

मी फावडं खाली ठेवलं. "माझ्या पाठीवर होतास," मी म्हणाले. "झोपला होतास. उठवायला कुणाला धीर झाला नाही."

तो तिथेच मटकन बसला. त्यानंतर तो विचारत गेला आणि मी सांगत गेले. कोणती केळ म्बेगेची, कोणती मटणात घालायची, कोणती बाळंतिणीची. लिमोची हद्द कुठे वळते. पाण्यात बुडालेलं आमचं तान्हं भावंड कुठे आहे, ज्याचं नावसुद्धा ठेवलं नव्हतं. सांगताना मला कळत होतं की मी आपल्याच हाताने घर मोडते आहे. एकेक उत्तर त्याला दिलं की तेवढी बाग माझ्याकडून जात होती. पण आईबद्दल विचारणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? मला जमलं नाही.

पाहणीच्या दिवशी जमीन-कोर्टाचे अध्यक्ष आले. बरोबर दोन पंच, एक म्हातारा आणि एक म्हातारी. म्लायवकील हातात फाइल घेऊन न्देरिंगोच्या बाजूला उभे राहिले. माझ्या बाजूला मीच होते. अध्यक्षांनी न्देरिंगोला विचारायला सुरुवात केली. त्याने हद्द दाखवली, एक पाऊल चुकलं नाही. पाण्याची पाळी सांगितली. आई दाखवली. तान्हं भावंडही दाखवलं. म्हातारा पंच मान डोलवू लागला. असा धाकटा मुलगा असेल तर घर त्याचं, हे पंचांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी गोठ्याचा खांब धरून उभी राहिले.

म्हातारीने मात्र काठीवर हनुवटी टेकली आणि विचारलं, "छान सांगतोस रे पोरा. हे तुला कधीपासून माहीत?"

न्देरिंगोने वकिलांकडे बघितलं. त्यांना मधे पडता आलं असतं. वकील मधे पडतातच. त्यांनी फाइलवरून नजर वर केली आणि नुसतं त्याच्याकडे बघितलं.

"गेल्या मंगळवारपासून," न्देरिंगो म्हणाला. "ताईने शिकवलं सगळं. मी आईच्या जागी हद्दीला नमस्कार केला होता." मग तो अध्यक्षांकडे वळला. "मला हा दावा चालवायचा नाही."

वकिलांनी फाइल मिटली आणि अध्यक्षांना म्हणाले, "माझ्या अशिलाने सांगितलं, ते ऐकलंत आपण."

सगळे गेल्यावर मी उताराच्या वाटेवर त्यांना गाठलं. "साहेब, तो असं बोलेल हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"मग तो गप्प राहिला असता तर?"

"तर मी लढलो असतो. बहुतेक जिंकलो असतो."

"आणि माझं घर?"

"गेलं असतं," ते म्हणाले. नजर खाली घातली नाही. "मी त्याला शिकायला पाठवलं. शिकून तो काय करेल, हे माझ्या हातात नव्हतं. आता उद्या दोघं खोलीवर या. हे सगळं तुझ्या नावाने नीट लिहून ठेवू, नाहीतर वीस वर्षांनी त्याचा मुलगा येईल."

आम्ही गेलो, कागद झाला. तरी पुढचं कॉफीचं पीक हाती येईपर्यंत मी त्या माणसावर धुमसत होते. माझ्या जिवाला घोर लावला आणि वर शांतपणे सांगतो, घर गेलं असतं! पण दरवर्षी डिसेंबरात न्देरिंगो येऊ लागला. गावी पाय ठेवला की आधी गोठ्यामागे जायचा, मग घरात. हळूहळू माझा राग निवला. दुसरा कुणी वकील असता तर आमच्यातलं कुणीतरी एक जिंकलं असतं आणि त्या दारात दुसऱ्याने पुन्हा पाऊल टाकलं नसतं. घर माझ्या कष्टाचं होतं, ते कदाचित मला कसंही मिळालं असतं. भाऊ मला म्लायसाहेबांमुळे मिळाला. हे मी त्यांना एकदा शनिवारी अवोकाडोखाली सांगितलं. ते म्हणाले, "हो का? बरं. मागे माणसं उभी आहेत, पुढे सरक."

यंदा थंडीच्या दिवसांत ते गेले. न्देरिंगो रातोरात बसने आला आणि आम्ही दोघं मिळून गेलो. त्यांच्या बागेत माणूस मावत नव्हता. मंडपाच्या तोंडाशी त्यांची सून आलेल्या प्रत्येकाला विचारून बसवत होती. तिने न्देरिंगोला विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

"मी त्यांचा अशील," तो म्हणाला आणि रडू लागला.

"आणि तुम्ही, बाई?"

 मी जे खरं होतं तेच सांगितलं. "मी सामनेवाली."

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. मला वाटलं, चुकलंच आपलं, मयताच्या दारात हे काय बोलून बसले. तेवढ्यात पुढच्या बाकावर बसलेल्या एका म्हातारीने मागे वळून माझा हात धरला.

"मीपण," ती म्हणाली आणि सरकून मला जागा दिली.