अप्पांच्या पायांना जमेल असं घर

कुंभकोणम सोडलं त्या सकाळी आम्ही दोघं नवराबायको सामान घेऊन जटक्यातून स्टेशनवर गेलो आणि माझे वडील, अप्पा, पायी आले. वाटेत नाचियार्कोविलची बस वळताना आमच्या घोड्यानं हट्ट धरला आणि आम्ही तिथंच अडकलो. फलाटावर पोचलो तर अप्पा आमच्या आधी येऊन बाकावर बसलेले. "घोडा असून उशीर?" एवढंच म्हणाले. चालत जाता येईल अशा ठिकाणी अप्पा कधी कुठल्या वाहनात बसले नाहीत, आणि त्यांच्या मते कुंभकोणमात चालत जाता येणार नाही असं ठिकाणच नव्हतं. गाडी सुटताना खिडकीशी येऊन ते म्हणाले, "जिथं पायी जाऊन येतां येत नाही, तिथं माणूस पाहुणाच. मद्रासेत तूं पाहुणीच राहशील बघ."

मला राग आला. लेक परगावी निघाली तर आशीर्वाद द्यावा की शाप! विळुप्पुरम येईपर्यंत मी ह्यांच्याशी धड बोलले नाही, जणू ते वाक्य ह्यांनीच उच्चारलं होतं.

तुम्ही जे गावी राहिलात आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात, त्या सगळ्यांना हे लिहिते आहे. माझी ही लिहायची मराठी मासिकं वाचून कमावलेली आहे. घरात बोलतो ती आपली तंजावरी मराठी तुम्हाला ठाऊकच आहे. पुण्याचा माणूस ती ऐकतो तेव्हा त्याला आपले खापरपणजोबा आठवतात.

मद्रासेत आमचं पहिलं बिऱ्हाड तिरुवल्लिक्केणीत, एका 'पोर्शन'मध्ये. एका घराचे सहा तुकडे, सहा चुली आणि नळ एक. मला त्याचं काही वाटत नसे. नळावर भांडायला मी दोन दिवसांत शिकले आणि तिसऱ्या दिवसापासून माझ्या घागरीला कुणी हात लावला नाही. अडचण आली ती अप्पा राहायला आले तेव्हा. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि अप्पांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. कडेकडेचं दिसेनासं झालं होतं. समोर एखाद्या नळकांड्यातून पाहावं तेवढंच दिसे. गल्लीत हातगाड्या, म्हशी, सायकली. मोठ्या रस्त्याला तेव्हा ट्रॅम होत्या. माणसानं ओढायच्या रिक्षात बसा म्हटलं तर ते म्हणाले, "माणूस ओढतो त्यांत बसूं? मज पाय नाहीत?" चार दिवस दाराबाहेरच्या ओट्यावर, तिण्णैवर, बसून राहिले. पाचव्या दिवशी परत गेले.

कुंभकोणमात त्यांचे पाय डोळ्यांचं काम करत. पितळेच्या भांड्यांची ठोकाठोक ऐकू आली की डावीकडे, विड्याच्या पानांचा ओला वास आला की नदीचा घाट जवळ. पण एक दिवस शेजारच्या आतेभावाचं कार्ड आलं. रस्त्यात नवीन गटार खणलं होतं, मामा त्यात पडले, घोट्याला लागलं आहे, आणि घरात पाणी द्यायला कुणी नाही. मी तशीच गेले. महिनाभर राहून त्यांचं केलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गेलेली दृष्टी परत येत नाही आणि उरलेली फार तर एक-दोन वर्षं टिकेल.

सगळे म्हणाले, आंधळा होऊ घातलेल्या माणसाला ओळखीच्या जागेतून उपटू नका. मी म्हटलं, ओळखीच्या जागेनंच तर त्यांना पाडलं. नवी वाट शिकायची तर थोडा उजेड आहे तोवरच शिकायला हवी. मला घर हवं होतं, आणि असं हवं होतं की तिथून देऊळ, तळं, भाजी, वाचनालय आणि स्टेशन, सगळं अप्पांच्या पायांनी गाठता येईल. ह्यांनी विचारलं, "असं गाव मद्रासेत कुठं असतं?" मी म्हटलं, मद्रासेत नसेल तर मद्रासेबाहेर असेल.

तांबरम मला रेल्वेनंच दाखवलं. कुंभकोणमहून येणारी गाडी तिथं थांबते, आणि तिथून ह्यांच्या हार्बरच्या ऑफिसपर्यंत विजेची गाडी थेट जाते. एका रविवारी आम्ही उतरून नुसते भटकलो. वाळूचे रस्ते, शेवग्याची झाडं, पलीकडे उघड्या टेकड्या. मला सर्वांत आवडली ती तिथली संध्याकाळ. शहरातून गाडी आली की अख्खं गाव स्टेशनातून बाहेर पडून चालू लागतं. कोपऱ्यावर कुणी भाजी घेतं, कुणी देवळात डोकावतं, कुणी फाटकाशी उभं राहून उरलेलं बोलणं संपवतं, आणि दिवे लागेपर्यंत सगळे आपापल्या घरी. चपला झिजवण्यापलीकडे कुणाला काही खर्च नाही. मी ह्यांना म्हटलं, हेच.

पुढच्या रविवारी एक घर पाहिलं. मंगळुरी कौलांचं, पुढे तिण्णै, मागे विहीर. स्टेशनापासून गप्पा मारत गेलं तरी दहा मिनिटं. मालकीण जानकीअम्माळ, रेल्वेतल्या नोकरदाराची विधवा, साठीच्या पुढची. मुलगा दिल्लीला होता, तो बोलावत होता. तिनं आमच्याशी तमिळमध्ये बोलत सगळं घर दाखवलं आणि कॉफी करायला आत वळली.

आता आपली पिढीजात विद्या तुम्हाला ठाऊक आहे. दुकानदारासमोर तोंडावर हसू ठेवायचं आणि आपसात मराठीत खरं काय ते बोलायचं. तंजावरपासून मद्रासेपर्यंत या विद्येनं आपल्याला कधी दगा दिला नाही. मीही हसत हसत, हवेपाण्याचं बोलावं तशा आवाजात, ह्यांना म्हटलं, "घर झकास आहे. पण आवडलं म्हणून सांगूं नका. तोंड पाडून बसा. म्हातारी एकटी आहे, लेकाकडे गेल्याशिवाय गत्यंतर नाही. दोन महिने थांबलों की आपणच येईल पाया पडत."

जानकीअम्माळ कॉफीचे पेले घेऊन आली. एक ह्यांच्या पुढे ठेवला, एक माझ्या पुढे. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "पाया पडाया मज गुडघे कुठं राहिलेत, बाई? कॉफी प्या आधी. निवेल."

मराठीत. अगदी आपल्या मराठीत, तीच ओढ, तोच हेल. माहेर तिचं तंजावरचं निघालं. ह्यांना ठसका लागला. मी मान खाली घालून कॉफी संपवली. तिनं रिकामे पेले उचलले आणि दाराशी येऊन सांगितलं, "घर मी विकणार. पण तुम्हांस नाही."

स्टेशनापर्यंतची ती दहा मिनिटं मला तासाभराची वाटली. हे नेहमी माझी बाजू घेतात, त्या दिवशी घेतली नाही. "ती एकटी आहे हे तुला सौदा करायला सोयीचं वाटलं," ते म्हणाले, "आणि तिकडे अप्पा एकटे आहेत म्हणून तू रात्रंदिवस झुरतेस." गावाकडे कुणी अप्पांच्या एकटेपणाचा असा हिशेब मांडला असता तर मी त्याची गाढवावरून धिंड काढली असती. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. माझ्या जिभेच्या हौसेपायी अप्पांचं घर गेलं होतं, आणि उजेड काही माझ्यासाठी थांबणार नव्हता.

आठवडाभर मी दुसरी घरं पाहिली. एक स्टेशनापासून लांब, एकाच्या वाटेत रूळ. रविवारी मी एकटीच पुन्हा जानकीअम्माळच्या दारात गेले. तिनं आत बोलावलं नाही, मीही चप्पल काढली नाही. उभ्या उभ्याच मराठीत सगळं सांगितलं. आई गेली, डोळे जात आहेत, गटारात पडले, रिक्षात बसत नाहीत. "मी जे बोलले ते घाण बोलले," मी म्हटलं. "घर देऊ नका हवं तर. पण तसं मनात ठेवू नका."

तिनं विचारलं, "किती दिसतं त्यांस?"

"समोरचं थोडंसं. कडेचं काही नाही. वर्षा-दोन वर्षांत तेही जाईल."

ती आत गेली ती काठी घेऊनच बाहेर आली. दाराला कडी लावली. "चल," म्हणाली, "वाट दाखवते." गुडघे दुखत असताना ती बाई माझ्याबरोबर स्टेशनापर्यंत चालली. इथं उतार आहे, पाय आधी टेकवायचा. ही पिठाची गिरणी, दुपारी बंद असते, तेव्हा तिच्या आवाजाच्या भरवशावर राहायचं नाही. इथं विहिरीवर रहाट कुरकुरतो. इथं गुरं बसतात. तीस वर्षं ती याच वाटेनं नवऱ्याला संध्याकाळी सामोरी जात होती. स्टेशन आलं तेव्हा ती काठीवर टेकून थांबली. "मज जायचं नाही गं दिल्लीस," ती म्हणाली. "पण लेक एकटीस ठेवायला तयार नाही. तूं तुझ्या अप्पांस एकटं ठेवतेस का? तसंच ते." मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "घर तूंच घे. गिरणीचं मात्र त्यांस नीट सांग."

तीन महिन्यांनी ती दिल्लीला गेली. मी तिला गाडीत बसवून दिलं आणि शेवटी पाया मीच पडले. अप्पांना आणायला मी स्वतः कुंभकोणमला गेले. ते येतो म्हणाले ते केवळ "बघून येतों" या बोलीवर, घराची किल्ली कनवटीला बांधून.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. रोज सकाळी मी त्यांच्याबरोबर चालायची, उतार, रहाट, गिरणी सगळं सांगायची, आणि अप्पा लहान मुलासारखे ऐकायचे. हेच मला सोसवत नव्हतं. ज्यांनी मला बोट धरून अख्खं कुंभकोणम दाखवलं, ते माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. दोनदा ते चुकीच्या फाटकातून परक्याच्या अंगणात शिरले. एकदा बसलेल्या गाईला अडखळून गुडघा फोडून घेतला. त्या दिवशी जेवताना म्हणाले, "पुरे. मज परत पोचव." मी विहिरीशी जाऊन रडले. सगळ्यांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. आता ना ते गाव त्यांचं राहिलं ना हे झालं, आणि हे माझ्या हट्टानं घडलं असं मला वाटू लागलं. मी ह्यांना परतीची तिकिटं काढायला सांगितली. हे म्हणाले, रविवारपर्यंत थांब.

तुम्ही पत्रांतून विचारता, गाव आठवत नाही का, त्या परक्या मुलखात घर म्हणून काय वाटतं. आठवतं तर. इथल्या कॉफीला नावं ठेवल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. पण घराचं विचाराल तर मला त्या शनिवारची सकाळ सांगावी लागेल.

उठले तेव्हा अप्पा तिण्णैवर नव्हते. काठीही नव्हती. पहिल्यांदाच ते एकटे बाहेर पडले होते. अर्धा तास वाट पाहिली, मग चूल तशीच टाकून निघाले. उताराशी नाहीत, रहाटाशी नाहीत, देवळात नाहीत. गुरं बसतात तिथंही नाहीत. स्टेशन दिसलं, आणि स्टेशनाच्या पायरीशी अप्पा दिसले, ताठ उभे. त्यांच्यापुढे एक जोडपं, पत्र्याची ट्रंक, बांधलेली वळकटी. कुंभकोणमकडच्याच गाडीतून उतरलेलं असावं. त्यांना कुणाचं तरी घर हवं होतं, आणि अप्पा तमिळमध्ये त्यांना वाट सांगत होते.

"सरळ जा. एका घरांत एक बाई सुनेस रागें भरत असते, तिथें वळूं नका. पुढें शिवणाचं यंत्र चालतं, तें ऐकलंत की उजवीकडे. पायाखाली वाळू संपून खडी लागली तर जास्त गेलांत, मागें फिरा."

मी शिकवलेली एकही खूण त्यात नव्हती. जानकीअम्माळनं दिलेलीही नव्हती. ह्या सगळ्या त्यांनी स्वतः गोळा केल्या होत्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून, मुकाट्यानं. समोरचा धडधाकट डोळ्यांचा माणूस गोंधळून एकदा रस्त्याकडे, एकदा बायकोकडे पाहत होता.

मी जवळ गेले. माझं पाऊल त्यांनी ओळखलं.

"कां आलीस?" अप्पा म्हणाले. "हे गांवांत नवे आहेत, ह्यांस कळत नाही. ह्यांस पोचवून येतों. तूं हो पुढें घरी."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मी वळले आणि त्यांना तिथं सोडून, चुलीवरचं दूध आठवून, भराभर घरी चालत आले.