डॉक्टरने नाव घेतलं नाही

माझ्या मुलीचा डॉक्टर आधी मालाडला दोन खोल्यांच्या दवाखान्यात बसायचा. मनाच्या आजारांचा डॉक्टर. लोक तोंड लपवून यायचे. मग कुठल्या तरी चॅनेलने त्याला बोलावलं. दिसायला बरा, बोलणं गोड. दर रविवारी सकाळी टीव्हीवर, पुढे रेडिओवर, मोबाइलवर. दवाखान्यात लोक त्याच्यासोबत फोटो काढायला यायला लागले, पेशंट बाकावर बसून राहायचे. मला त्याचं काही वाटलं नाही. मुलीला गुण येत होता.

आमच्या मढला बोंबील वाळत घालताना दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकतात. माझी मुलगी त्या जोड्या सोडवायची. बायकांना वाटायचं, कामचुकार आहे. खरं कारण मला माहीत होतं. जोडीतले बोंबील तिच्याविषयी कुजबुजतात, असं तिला ऐकू यायचं. डॉक्टरला तिने हे सांगितलं नव्हतं. ती बाहेर बसली असताना मी सांगितलं. मग औषध बदललं आणि वर्षभरात ती बायकांच्या बरोबरीने काम करायला लागली.

एका रविवारी डॉक्टरने ते सगळं टीव्हीवर सांगितलं. नाव घेतलं नाही. गाव कोकणातलं केलं, वय बदललं. बोंबील तेवढे ठेवले.

दुसऱ्या दिवशी दोरीपाशी शेजारणीने विचारलं, "काय गं, आज काय बोलतात बोंबील? आमच्या सासूचं पण काही सांगतात का?"

सगळ्या हसल्या. मुलगी टोपली टाकून घरी आली.

"आई, तू सांगितलंस?"

"हो."

त्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणंच सोडलं.

मी दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाला, "मावशी, मी नाव कुठे घेतलं?"

"नाव कशाला लागतं? मढला बोंबील सोडवणारी एकच आहे."

"लोकांची भीती जावी म्हणून सांगतो मी."

"लोकांची गेली असेल."

त्याने माझ्यासमोर फोन करून तो व्हिडिओ काढून टाकायला लावला. तोवर तो गावात प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये होता.

मुलगी परत त्याच्याकडे गेली नाही. जुने कागद तिने फाडले, गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांनी ती पुन्हा झोपेनाशी झाली, तेव्हा मी तिला सरकारी इस्पितळात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती.

"आधी कुठे औषध चालू होतं?"

"नाही," मुलगी म्हणाली.

"आवाज वगैरे ऐकू येतात?"

"नाही. झोप येत नाही फक्त."

डॉक्टरणीने माझ्याकडे पाहिलं. "आई, तुम्हाला काही सांगायचंय?"

मुलगीही माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, नाही.

तिने झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचा नंबर पुकारला.